परातीतला दक्षिण समुद्र

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात, भांड्यांच्या दुकानापुढं उकिडवी बसून एक पोरगी भर दुपारी परातीत पाणी ओतत होती. परात साधीसुधी नव्हती. लग्नाच्या पंगतीला कणीक मळायला काढतात तसली, दोन हातांत न मावणारी. पोरीनं ती एका पालथ्या पातेल्यावर ठेवली, तिच्यात बाटलीभर पाणी ओतलं आणि कडेला धरून हळूच फिरवून दिली. परात दोन फेरे फिरली, मग डगमगली, आणि निम्मं पाणी मागं उभ्या असलेल्या माणसाच्या चपलांवर सांडलं.

दुकानवाली गोजरबाई मघापासून बघत होती. तिनं विचारलं, बाई, घ्यायची का निसती खेळायची?

पोरगी ओशाळून उठली आणि मागं वळली. सत्तावीस-अठ्ठावीसचा एक सावळा, उंच माणूस ओल्या पायांनी उभा होता. शर्टाच्या बाहीवर ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं... हातात बिजागरांची पिशवी. तो पायांकडं बघतच नव्हता. परातीकडं बघत होता.

"मधोमध बसली न्हाई," तो म्हणाला. "म्हणून लंगडून राहिली."

ती "माफ करा, दादा" असं म्हणणार होती. ओठांवर आलेलं 'माफ करा' तेवढं बाहेर पडलं. 'दादा' काही केल्या पडेना. का पडेना, ते तिला तेव्हा कळलं नाही.

"करायचं काय हिचं?" त्यानं विचारलं.

"पृथ्वी करायचीय."

हे सांगितल्यावर लोक हसतात, हे तिला पाठ झालं होतं. शाळेत हसले होते, घरी हसले होते. हा हसला नाही. त्यानं जरा विचार केला.

"पुरी का अर्धी?"

"अर्धी," ती म्हणाली. "खालची."

"मंग बेरिंग लागंल," तो म्हणाला, आणि आपलं वर्कशॉप बसस्टँडच्या पलीकडं, रस्त्यावरच आहे, असं सांगून निघून गेला. परात घेऊन ती कितीतरी वेळ तिथंच उभी. गोजरबाईला दुसऱ्यांदा विचारावं लागलं, बाई, नेता का मग?

तिचं नाव आकांक्षा. शिरड शहापूरची. वडील जळबा पोस्टमन होते, आता निवृत्त. आई पद्माबाई गावातल्या अंगणवाडीत. आकांक्षानं नांदेडला राहून भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात आली, पुढं संशोधनाला जायचं ठरलं, आणि त्याच उन्हाळ्यात जळबांच्या छातीत कळ आली. ऑपरेशन झालं, माणूस वाचला, पण पोरगी घरी आली ती आलीच. दोन वर्षं झाली, ती औंढ्याच्या एका शाळेत तासिकेवर विज्ञान शिकवत होती. संशोधनाचा विषय घरात कुणी काढला नव्हता. तिनंही नाही.

परातीचं खूळ तिच्या डोक्यात घातलं ते नववीतल्या पुनमनं. पुनमनं वर्गात विचारलं होतं: मॅडम, दक्षिण ध्रुवावर पूर्वी झाडं होती म्हणता, मग तो गोठला कशानं? ऊन तर तेवढंच पडतं ना? आकांक्षाला उत्तर ठाऊक होतं. जमिनी सरकतात. अंटार्क्टिका एका काळी दक्षिण अमेरिकेला आणि ऑस्ट्रेलियाला चिकटून होती, तेव्हा उष्ण समुद्राचं पाणी त्या किनाऱ्यांच्या कडेकडेनं ध्रुवापर्यंत पोचायचं. मग त्या जमिनी सुटून लांब गेल्या, मध्ये समुद्राची वाट झाली, आणि पाणी त्या वाटेनं ध्रुवाभोवती नुसतं गोल फिरायला लागलं. ऊब आत जाईना. हे सगळं तिनं फळ्यावर काढून दाखवलं. पुनमनं मान हलवली, पण डोळ्यांत काही उजेड पडला नाही. जानेवारीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. आकांक्षानं मनाशी ठरवलं, हे पाण्यातच दाखवायचं.

बाजारानंतर चौथ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, ती परात काखेला लावून एसटीनं जवळ्याला गेली.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं एक शेड. पुढं गेटं, खिडक्या, धान्याच्या कोठ्या, एका ट्रॉलीचा सांगाडा. आत निळा उजेड लखलखत होता. ती दारात थांबली तसा उजेड विझला, आणि वेल्डिंगचा मुखवटा वर झाला. तोच. रत्नपाल त्याचं नाव, तिला आता कळलं. आयटीआय केलेला. वडील लवकर गेले, थोरल्या बहिणीचं लग्न यानंच करून दिलं. आता आई आणि तो, दोघंच.

बेरिंग त्यानं काढूनच ठेवलं होतं. म्हणजे ती येणार हे त्यानं धरलं होतं... आकांक्षाला ते लक्षात आलं आणि ती उगीचच परातीची कड पुसायला लागली.

पुढचे तीन आठवडे ती एक दिवसाआड जात राहिली. काम खरंच तेवढं होतं. जुन्या कूलरची मोटर, तिला लहान-मोठ्या दोन पुल्या, पट्टा, म्हणजे परात मिनिटाला सात-आठ फेरेच घेईल. पाणी हलकेच फिरायला हवं, घुसळायला नको. मधोमध बर्फाचा डबा, तो अंटार्क्टिका. कडेनं प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जमिनी. त्या तिनं घरी पद्माबाईच्या नजरेआड केल्या होत्या, कारण आफ्रिका वाळत घातली होती पापडांच्या खाटेवर. आणि कडेपासून मधल्या डब्यापर्यंत पत्र्याच्या दोन भिंती, काढता-घालता येणाऱ्या. भिंती असल्या म्हणजे जमिनी जोडलेल्या. काढल्या की वाट मोकळी.

रत्नपाल काम करता करता प्रश्न विचारायचा. त्याचे प्रश्न तिला घरी जाताना एसटीत आठवायचे. मला यातलं काही कळत नाही, असं तो कधी म्हणाला नाही. आणि सगळं कळलं, असंही नाही. पाणी भिंतीला धरून चालतं काहून, विचारायचा; ती सांगायची; तो मान हलवायचा, अर्धा तास पत्रा कापायचा, आणि मग भलत्याच वेळी म्हणायचा, न्हाई मॅडम, ते मघाचं बराबर बसलं न्हाई, पुन्हा सांगा.

"किती वेळा सांगू?" एकदा ती म्हणाली.

"जेवढ्या वेळा याल तेवढ्या वेळा," तो म्हणाला. हे बोलून झाल्यावर त्याला आपलं आपणच कसंतरी झालं असावं, कारण त्यानं लगेच मुखवटा खाली ओढला. पण पेटवायला हातात काहीच नव्हतं.

डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात बंगालच्या उपसागराकडून ढग आले आणि दोन दिवस बिनमोसमी झिमझिम लागली. पत्र्यावर एकसारखा बारीक आवाज... दारापुढच्या काळ्या मातीचा चिखल, शेजारच्या टपरीवरून आलेला आलं घातलेला चहा. वीज गेली होती. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दोघं एका अर्धवट कोठीवर बसून बाहेर बघत होते.

मग आपल्याकडं पाऊस कुणामुळं, त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. एके काळी जगातली सगळी जमीन एकाच ठिकाणी होती, एकच एक मोठा गठ्ठा. आणि त्याच्या मधल्या भागात पाऊस पोचतच नव्हता, कारण समुद्र हजारो कोस लांब.

"म्हंजी मधल्या गावांना तवाबी टँकर," रत्नपाल म्हणाला.

ती इतकी हसली की चहा सांडला. मग तिनं पुढचं सांगितलं. तो गठ्ठा फुटला, आपली जमीन सुटून उत्तरेकडं निघाली, वाटेत तिच्यावर लाव्हा पसरला, त्याचाच हा आपला काळा दगड आणि त्याचीच ही काळी माती. म्हणजे हे जवळा, हे औंढा, हे शिरड तेव्हा विषुववृत्ताच्या खाली होतं. मग ती जमीन आशियाला जाऊन भिडली, हिमालय उठला, आणि उन्हाळ्यात तापणारी एवढी मोठी जमीन वर आणि एवढा मोठा समुद्र खाली, अशी मांडणी झाली. त्या मांडणीनं आपल्याला मृगाचा पाऊस दिला.

तो पायाखालच्या चिखलाकडं बघत राहिला.

"ही माती चालत आली म्हणता," तो म्हणाला. "आन आमी म्हणतो, जवळ्याच्या भाईर कवा गेलोच न्हाई."

पाऊस थांबेपर्यंत दोघंही त्याच कोठीवर बसून राहिले. 

खरी अडचण पुढं आली. परात फिरायला लागली, पाणी तिच्याबरोबर फिरायला लागलं, पण लाल रंग टाकला की तो कुठं चाललाय तेच दिसेना. सगळंच फिरतंय, डोळा ठरणार कशावर? भिंत असो-नसो, बघणाऱ्याला नुसता गरगर फिरणारा रंग. आकांक्षा रडकुंडीला आली. प्रदर्शन दहा दिवसांवर. राहू द्या, ती म्हणाली, तक्ताच करते.

रत्नपालनं मोटर बंद केली नाही. कमरेवर हात ठेवून तो फिरत्या परातीकडं बघत उभा होता.

"मॅडम, आपण तर पृथ्वीवर बसून फिरून राहिलो ना?"

"हो."

"मंग बघणारा भाईर काहून उभा?"

तिला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली. त्यानं एक लोखंडी पट्टी वाकवली, परातीच्या चौकटीला जोडली, वर मोबाइल बसेल अशी खाच केली. आता परात, पाणी आणि मोबाइल एकत्र फिरणार. आणि मोबाइलमध्ये परात जागच्या जागी थांबलेली दिसणार, हलेल ते फक्त पाणी. नांदेडच्या प्रयोगशाळेत तिनं हे पुस्तकात वाचलं होतं, परदेशी यंत्रांच्या चित्रासकट, आणि साफ विसरली होती. यानं ते उभ्या उभ्या शोधलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी करून पाहिलं. व्हिडिओ कॉल लावला; मोबाइल तिचा वर, चित्र त्याच्या मोबाइलवर खाली. आधी भिंती घातल्या. कडेला गरम लाल पाणी सोडलं. लाल रंग थोडा वेळ घुटमळला, मग पत्र्याच्या भिंतीला धरून सरळ आत निघाला आणि बर्फाच्या डब्याला जाऊन भिडला. डब्यातला बर्फ वितळायला लागला. मग पाणी बदललं, बर्फ नवा घातला आणि भिंती काढल्या. लाल पाणी निघालं ते गोल. मोठमोठ्या वळणांची माळ करत डब्याभोवती फिरत राहिलं. एक फेरा... दुसरा... तिसरा... आत काही शिरेना. बर्फ तसाच.

छोट्याशा पडद्यावर दोघांची डोकी टेकली होती, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. कुणीच मागं सरकलं नाही.

"निसती वाट मिळाली, आन यवढं मोठं रान गोठलं," तो हळू आवाजात म्हणाला.

"हवेतला कार्बनही कमी झाला होता," ती म्हणाली. "एकट्या वाटेनं नाही झालं. पण वाटेनंही झालं."



"त्या दिवशी बाजारात," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तुमी मला दादा म्हणल्या न्हाईत."

"म्हणायला पाहिजे होतं का?"

"न्हाई... म्हणून तर बेरिंग काढून ठेवलं."

औंढ्याच्या प्रदर्शनात परातीचा दुसरा नंबर आला. पहिला सोयाबीनवर औषध फवारणाऱ्या एका सायकलीला गेला, आणि ते ठीकच होतं. पण पुनमनं असं काही समजावून सांगितलं की लोक परातीपुढून हलेनात. रत्नपाल एका खांबाला टेकून लांबूनच बघत होता. मोटरचा पट्टा सरकलाच तर असावं म्हणून आलो, असं त्यानं तिला दोनदा सांगितलं.

त्या गर्दीत एक पन्नाशीच्या बाई होत्या. डॉक्टर मंजुषा. मूळच्या याच भागातल्या. बरीच वर्षं गोव्यात समुद्राच्या तळाचा गाळ तपासून जुनं हवामान शोधण्याचं काम करत होत्या. बक्षीस द्यायला म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी पुनमला चार प्रश्न विचारले, मग आकांक्षाला चाळीस. शेवटी म्हणाल्या, तुम्ही इथं काय करताय? आमच्याकडं चार वर्षांचं काम आहे, हिंदी महासागर उघडत गेला तसा पाऊस कसा बदलला त्याचं. मुलाखत देऊन बघा.

आकांक्षानं मुलाखत दिली. फेब्रुवारीच्या शेवटी निवड झाल्याचं पत्र आलं. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं.

जळबांनी पत्र तीनदा वाचलं. हजारो पत्रं वाटलेला माणूस, पण हे एक पत्र त्यांच्या हातातून सुटेना. माझ्या आजारपणानं तुझी दोन वर्षं खाल्ली, ते म्हणाले. आता मागं वळून बघू नको. पद्माबाईनं डोळे पुसले आणि लगेच हिशेब सुरू केला, की पोरगी अठ्ठावीसची होईल, एकतिसाची होईल, मग लग्नाचं काय.

आकांक्षा मात्र तोवर एसटी पकडून जवळ्याला गेली होती. पत्राची बातमी तिला सगळ्यांत आधी ज्याला सांगायची होती त्याला तिनं सांगितली, आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

"चांगलं झालं," रत्नपाल म्हणाला. "लई चांगलं झालं." आणि मुखवटा खाली ओढून त्यानं वेल्डिंग सुरू केलं. निळा उजेड इतका लखलखला की तिला मान फिरवावी लागली.

त्यानंतर तो गायबच झाला. फोन केला की म्हणायचा, काम चालू आहे, मागून बोलतो. मागून काही बोलायचा नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आकांक्षा वर्गात शिकवताना मध्येच थांबायची. आधी तिला वाईट वाटलं, मग राग आला, मग आपण कशाच्या जोरावर रागावतोय तेही कळेना. त्यानं काही म्हटलं होतं का? बेरिंग काढून ठेवलं, एवढंच ना.

पंधराव्या दिवशी ती सरळ वर्कशॉपात जाऊन उभी राहिली. मार्चचं ऊन, पत्रा नुसता तापलेला. रत्नपाल जमिनीवर बसून एका लाकडी पेटीला कड्या ठोकत होता. शेजारी ती परात. तिच्या चौकटीचे पाय आता वेगळे निघत होते, मोटरला स्वतःचा कप्पा होता, मोबाइलची पट्टी दुमडत होती. पेटीच्या आत जुन्या रजईचे तुकडे लावले होते, जमिनींना धक्का लागू नये म्हणून. प्रत्येक नट एका डबीत, आणि डबीवर खडूनं आकडे.

"रेल्वेत नेता येईल असं केलंय," तो उभा राहत म्हणाला. "आता कुठंबी न्या."

 पंधरा दिवस हा माणूस हे करत होता.

"मी मागितलं होतं?"

"न्हाई."

"मला गाडीत बसवून द्यायची एवढी घाई?"

त्यानं हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, मग ठेवून दिली.

"मी काही बोललो असतो, तर तुमी थांबल्या असत्या," तो म्हणाला. "एकदा बापासाठी थांबल्या. पुन्हा माझ्यासाठी... मंग मी जन्मभर तुमच्याकडं कोणत्या तोंडानं बघावं? म्हणून बोललो न्हाई."

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. 

"मी थांबले असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यानं मान वर केली.

"मी जाणारच होते," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्हाला विचारायला आलेच नव्हते, सांगायला आले होते. थांबायचा प्रश्न तुम्ही आपल्या मनानं काढलात आणि आपल्याच मनानं सोडवलात. मला विचारायचं तरी."

"मंग आता विचारू?"

"विचारा."

त्यानं हात पँटला पुसले. एवढा वेळ सरळ उभा राहणारा माणूस, पण आता पाय कुठं ठेवावेत तेच त्याला कळेना.

"तुमी मला आवडता," तो म्हणाला. "परात सांडली तवापासून. तुमी गोव्याला असा न्हाईतर आणखी कुठं, मला चालंल. तुमाला मी चालंन का?"

तिचे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी हसूही आलं. दोन्ही एकदम आवरता येईना म्हणून तिनं दोन्ही येऊ दिलं. चालेल, ती म्हणाली. मग म्हणाली, पण चार वर्षं, रत्नपाल. मी तिथं, तुमचं हे सगळं इथं.

"त्याचा इचार केला मी. समुद्राच्या हवेनं लोखंड लवकर गंजतं म्हणतेत," तो म्हणाला. "जिथं गंजतं, तिथं वेल्डरला काम. आईचं मन झालं की येतो."

पंधरा दिवसांचा राग तिनं त्याच्या बाहीवरच्या एका भोकात बोट घालून काढला. ते भोक जरा मोठं झालं.

जळबांना सांगणं सोपं गेलं. त्यांनी एवढंच विचारलं, तोच ना, ज्याच्यामुळं परात फिरली? आई सोपी नव्हती. पद्माबाईचं म्हणणं साफ होतं. मुलगा निर्व्यसनी असेल, कष्टाळू असेल, आपल्यातलाच आहे. पण पोरगी एवढी शिकलेली आणि तो आयटीआय. आज कौतुक आहे. उद्या ही समुद्राच्या गोष्टी सांगेल आणि त्याला त्या डोक्यावरून जातील. मग त्याला राग येईल, मग हिला बोलायची चोरी होईल. असे संसार तिनं पाहिले होते. यात खोटं काही नव्हतं, हे आकांक्षालाही पटत होतं.

एका रविवारी सकाळी रत्नपाल शिरडला आला. एकटाच. आईला मागून आणतो म्हणाला, आधी मी एकटा येऊन जातो. दारात जळबांना "जय भीम, काका" म्हणाला आणि बूट काढून आत आला. पद्माबाई ओसरीत सुपात ज्वारी निवडत बसली होती. बस म्हणाली, त्यापलीकडं काही नाही. आकांक्षाला चहा टाकायला आत पाठवलं. आतून सगळं ऐकू येत होतं. जळबा खोकले. पाणी उकळायला लागलं.

शेवटी पद्माबाईच बोलली.

"माझी पोरगी चार वर्षं समुद्राचा चिखल बघणार म्हणते. काहून, ते मला समजलं न्हाई. तुला समजलं का?"

आकांक्षानं आत डोळे मिटून घेतले.

"पहिल्या खेपेला न्हाई समजलं," रत्नपालचा आवाज आला. "चार-पाच खेपेला समजलं. सूप घेऊ का?"

मग ज्वारीचा सळसळ आवाज झाला. आकांक्षा दाराच्या फटीशी आली. रत्नपाल ओसरीत मांडी घालून बसला होता आणि सुपात बोटानं ज्वारी सारत होता. हा सगळ्या जमिनींचा ढीग, मावशी. मधल्याला पाऊस न्हाई. हा ढीग फुटला. ही अमेरिका इकडं गेली, ही ऑस्ट्रेलिया तिकडं. हा खालचा गोळा एकटा पडला, भोवतीनं पाणी फिरायला लागलं, थंड पडला. आणि ही, त्यानं चिमूटभर ज्वारी बोटाखाली घेतली, ही आपली. ही वर निघाली, या वरल्या आशियाच्या ढिगाला भिडली, तवा हिमालय उठला.

तो सावकाश सांगत होता, मध्येच थांबून पद्माबाईच्या तोंडाकडं बघत, समजलं का पाहत. जिथं समजलं नाही तिथं मागं जाऊन पुन्हा सांगत होता. आकांक्षाला वाटलं, आपण इतकं चांगलं कधी सांगितलं नाही. आपण पुस्तकातून सांगतो. हा आपल्याकडून ऐकून, स्वतःच्या हातानं घडवून सांगतोय.

जमिनी सरकल्या की पावसाच्या वाटा बदलतात, तो म्हणाला. आणि कवा कवा बदलल्या, ते त्या चिखलात थरावर थर लिहून ठेवलंय. ते वाचणारी माणसं लई थोडी हायेत. त्यातली एक तुमची.

पद्माबाईचे हात थांबले होते.

"मंग आपलं शिरड तवा कुठं व्हतं?"

रत्नपालनं सुपाच्या खालच्या बाजूला एक दाणा ठेवला. "इथं. साडेसहा लाख वर्षांमागं."

"कोटी!" आतून आकांक्षा ओरडली. मग तिनं जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं. जळबांना हसू आवरेना. रत्नपाल दाराकडं बघून म्हणाला, "साडेसहा कोटी. मॅडम म्हणतेत ते बराबर." चूक निघाल्याचं त्याला वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. उलट तोंडभर हसत होता.

पद्माबाईनं ते हसू बघितलं. दाराच्या फटीतली आपली पोरगी बघितली. मग सुपातला तो एकटा दाणा बघितला आणि बोटानं हळूहळू वर सरकवत नेला, हिमालयाच्या ढिगाला लागेपर्यंत.

"साडेसहा कोटी वर्षं चालत आलं आपलं गाव," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मंग चार वर्षांचं काय यवढं घेऊन बसलो आपण."

 चहा उतू गेल्याचा वास ओसरीपर्यंत आला.

"येत्या रविवारी आईला घेऊन ये," पद्माबाई रत्नपालला म्हणाली आणि सूप आपल्या मांडीवर ओढून घेतलं. "आन आता माझ्या जमिनी मला दे. भाकरीला दळण न्यायचंय."